बहात्तर सेकंदांचा हिशेब

८ जून २००४, मंगळवार. सकाळी पावणेअकराच्या सुमारास शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावर शिरणार होता. नेमक्या त्याच वेळी मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बँकेच्या स्ट्राँगरूममध्ये उभा राहून नोटांची बंडले मोजून घेत होतो. करन्सी चेस्टमधून रोकड आली होती. एक किल्ली हेड कॅशियरकडे, दुसरी माझ्याकडे. रोकड आत जाऊन दोन्ही कुलुपे लागेपर्यंत दोघांपैकी कोणीही हलायचे नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. १८८२ नंतर पृथ्वीवरच्या कोणाही माणसाने जे पाहिले नव्हते ते डोक्यावरच्या आकाशात घडत होते, आणि मी शंभराच्या नोटांचे गठ्ठे उलटसुलट करून पाहत होतो.

दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गच्चीवर गेलो. गावच्या शाळेतल्या विज्ञान शिक्षकांकडून छोटी दुर्बीण मागून आणली होती. तिच्यातून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायची आणि त्या पुठ्ठ्याचा फोटो काढायचा, असा बेत. पुठ्ठा धरायला आमचे शिपाई तात्या आले होते. तळहाताएवढ्या सूर्यावर मोहरीएवढा शुक्र! शुक्राची रुंदी त्या दिवशी सूर्यबिंबाच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढीच दिसत होती. साडेचारनंतर तो कडेशी आला आणि पाचच्या आत निघून गेला. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल होता. धुऊन आला तेव्हा त्यातले अकरा बरे निघाले. शुक्र आत शिरतानाचा एकही नव्हता, अर्थातच. एवढ्याशा टिपक्यासाठी साहेबांनी रजा का घालवली, असे तात्यांनी उतरताना जिन्यात विचारले. मला धड उत्तर देता आले नाही.

शुक्राची ही अधिक्रमणे जोडीने येतात. आठ वर्षांच्या अंतराने दोन, आणि मग शंभराहून अधिक वर्षांचा खंड. म्हणजे मला दुसरी संधी होती. ६ जून २०१२ रोजी पुण्यात पहाटेपासून कॅमेरा लावून बसलो. सूर्य उगवतानाच शुक्र त्याच्यावर असणार होता आणि दहा-सव्वादहाला सुटणार होता. तोपर्यंत आभाळ उघडलेच नाही. पुढचे अधिक्रमण ११ डिसेंबर २११७ ला. संपला विषय!

पण विषय संपला नाही. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला आणि मी या फोटोग्राफीचा मूळपुरुष शोधू लागलो. तेव्हा एका फ्रेंच माणसाची गाठ पडली. त्याचे नाव पिएर ज्यूल सेझार जान्सेन. खगोलशास्त्राच्या इतिहासात तो मोठा माणूस आहे, चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव आहे. पण मी थबकलो ते वेगळ्याच तपशिलापाशी. तरुणपणी हा गृहस्थ बँकेत कारकून होता.

जान्सेनचा जन्म पॅरिसचा, २२ फेब्रुवारी १८२४ चा. वडील संगीतकार, आईकडचे आजोबा वास्तुशिल्पी. घर सुसंस्कृत, पण पैशाची ओढाताण. अगदी लहानपणी दाईच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला आणि पाय जन्माचा अधू झाला. त्यामुळे शाळा अशी त्याने पाहिलीच नाही. जे शिकला ते घरी. पुढे घर चालवायला हातभार म्हणून तो पॅरिसमधल्या एका बँकेत लागला आणि सोळाव्या वर्षापासून पुढची सातआठ वर्षे तिथेच राहिला. खतावणीच्या वह्या, बेरजा, संध्याकाळचा ताळेबंद. एकोणिसाव्या शतकातली बँक कशी असेल ते मला डोळे मिटून दिसते, कारण मी नोकरीला लागलो तेव्हाही आमच्याकडे लेजरचे ठोकळे होते आणि एका रुपयाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसावे लागे. या नोकरीत अभ्यास करीत तो पंचविसाव्या वर्षी, १८४९ साली, आपल्या मॅट्रिकसारखी परीक्षा पास झाला. १८५२ साली विज्ञानाची पदवी. मग बदली शिक्षक म्हणून किरकोळ नेमणुका. वयाच्या तिशीत इतर शास्त्रज्ञ मानमरातब मिळवू लागतात, तेव्हा हा अजून दाराबाहेरच उभा होता.

१८५७ साली चुंबकीय विषुववृत्ताची मोजणी करायला तो पेरूला गेला, तर तिथे गंभीर आजारी पडून परत आला. मग ल क्रूझो येथे श्नायडर या पोलादाच्या कारखानदारांच्या घरी शिकवणी धरली. पण नजर शोधकाची! कारखान्यात वितळलेल्या धातूकडे पाहताना उजेड डोळ्यांना जाणवतो, मग एवढी उष्णता डोळ्याला का भाजत नाही, हा प्रश्न त्याला पडला. डोळ्यातले द्रव ती उष्णता वाटेतच शोषून घेतात हे त्याने प्रयोगांनी दाखवले आणि १८६० साली त्यावरच डॉक्टरेट मिळवली. पुढचे सारे आयुष्य त्याने एकाच गोष्टीत घालवले. प्रकाश येतो कुठून, वाटेत त्याचे काय होते आणि तो पकडायचा कसा?

आपल्याशी त्याचा संबंध आला १८६८ साली. १८ ऑगस्टचे खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरून पूर्व किनाऱ्याकडे जाणार होते. जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला येऊन थांबला. ऐन पावसाळा, पण त्या दिवशी आकाशाने साथ दिली. सूर्य झाकला जाताच कडेवर लाल ज्वाळा दिसल्या. जान्सेनने वर्णपटदर्शक लावला तर त्यात तेजस्वी रेषा. म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूंच्या आहेत, हायड्रोजन त्यात मुख्य. त्या रेषा इतक्या प्रखर होत्या की, या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात, असे त्याच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उघड्या सूर्याच्या कडेवर यंत्र रोखले आणि त्या दिसल्या! शतकानुशतके ज्या गोष्टीसाठी माणसे ग्रहणाची वाट पाहत होती ती आता रोज पाहता येणार होती. पण आपल्या या मित्राने घाईने तार वगैरे केली नाही. पुढचे जवळपास अडीच आठवडे तो रोज पाहत राहिला आणि महिन्याने पत्र धाडले. ते २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोहोचले. त्याच दिवशी, काही मिनिटांच्या फरकाने, इंग्लंडच्या नॉर्मन लॉकियरचेही पत्र आले. त्याने स्वतंत्रपणे २० ऑक्टोबरला हीच युक्ती साधली होती. अकादमीने वाद घातला नाही. दोघांचे मुखवटे एकाच पदकावर कोरले.

इथे एक खुलासा करायला हवा. आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियरने तिथून हेलियम शोधला असे सांगतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. उत्साह स्तुत्य आहे. पण लॉकियर त्या ग्रहणाच्या वेळी इंग्लंडातच होता. सूर्याच्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याचा तर्क त्याने पुढे केला आणि पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडले. ग्रहण मात्र कोकणच्या आकाशातून गेले, हे खरेच. खऱ्याचा अभिमान पुरेसा असताना वाढीव नोंद कशाला करावी?

दोन वर्षांनी पॅरिसला प्रशियाच्या सैन्याचा वेढा पडला. २२ डिसेंबर १८७० ला अल्जीरियात ओरान येथे ग्रहण दिसणार होते. शत्रूकडून वाटेचा परवाना मिळवून देण्याची इंग्रज शास्त्रज्ञांची तयारी होती, पण जान्सेनने ती वाट धरली नाही. २ डिसेंबरला पहाटेच्या काळोखात ‘व्होल्टा’ नावाच्या बलूनमध्ये दुर्बिणींचे सुटे भाग घेऊन हा अधू पायाचा सेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ बसला. सोबत एक खलाशी. शत्रूच्या डोक्यावरून उडत पाचएक तासांत ते अटलांटिक किनाऱ्याजवळ उतरले. तिथून ओरान गाठले. आणि ग्रहणाच्या दिवशी ढग आले!

२०१२ च्या त्या पहाटेनंतर हा प्रसंग वाचला तेव्हा मला बरे वाटले, हे कबूल करतो. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाचेही आभाळ भरते, यात एक हलकासा दिलासा असतो. जान्सेन मात्र खचला नाही. वर्षभरात, १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी तो पुन्हा हिंदुस्थानात, निलगिरीच्या डोंगरात हजर होता.

आणि मग १८७४. शुक्राचे अधिक्रमण.

या अधिक्रमणाचे एवढे स्तोम का, ते थोडक्यात सांगतो. केप्लरपासून ग्रहांच्या अंतरांची प्रमाणे ठाऊक होती, पण प्रत्यक्ष मैल किती हे ठाऊक नव्हते. म्हणजे प्रत्येक भागीदाराचा हिस्सा माहीत, पण एकूण भांडवल अज्ञात! हॅलीने अठराव्या शतकाच्या आरंभी उपाय सुचवला. पृथ्वीवरच्या दोन दूरच्या ठिकाणांवरून पाहिले तर शुक्र सूर्यबिंबावरून किंचित वेगळ्या रेषेने जाताना दिसेल आणि त्याला लागणारा वेळही वेगळा असेल. त्या फरकावरून पृथ्वी आणि सूर्य यांमधले अंतर काढता येईल. पण त्यासाठी शुक्राची कड सूर्याच्या कडेला आतून टेकते तो क्षण अचूक टिपायला हवा. १७६१ आणि १७६९ मध्ये तिथेच घात झाला. ऐन वेळी शुक्राचा ठिपका सूर्याच्या कडेला डिंकासारखा चिकटतो, ओघळणाऱ्या काळ्या थेंबासारखा लांबतो आणि मग सुटतो. शेजारी शेजारी उभे असलेल्या दोन निरीक्षकांच्या वेळांत अनेक सेकंदांचा फरक पडला. डोळ्याची साक्ष फितूर झाली.

जान्सेनने विचार केला, माणसाच्या डोळ्याला क्षण पकडायला सांगायचेच कशाला? तो क्षण कधी येणार हे साधारण ठाऊक आहे. त्याच्या थोडे आधीपासून थोडे नंतरपर्यंत ठरावीक अंतराने फोटो काढत सुटावे. हवा तो क्षण त्यात कुठेतरी सापडेलच. १८७३ साली त्याने ही कल्पना अकादमीपुढे मांडली. यंत्राला नाव दिले ‘फोटोग्राफिक रिव्हॉल्व्हर’. कोल्टच्या पिस्तुलात गोळ्यांचे चक्र फिरते तसे यात फोटोचे वर्तुळाकार पत्रे फिरे. घड्याळजी रेदिए यांनी ते बनवले. पत्रा एका दात्याने पुढे सरके, क्षणभर थांबे, समोरच्या झडपेची फट येई, प्रकाश पडे, पुन्हा सरके. दर दीड सेकंदाला एक फोटो, बहात्तर सेकंदांत अठ्ठेचाळीस. त्या काळी जुनाट मानली जाणारी चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्याची पद्धत त्याने मुद्दाम निवडली, कारण तिच्यावर कड पसरत नसे, रेघ धारदार येई.

माझ्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटो होते, तेही सहा तासांसाठी जपून वापरायचे. मग हा अठ्ठेचाळीसचा आकडा वाचून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

जपानमध्ये हवामानाचा अंदाज घेऊन त्याने नागासाकी निवडले आणि गावालगतच्या कोंपिरा डोंगरावर तळ ठोकला. सगळी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून एक तुकडी कोबेला पाठवली. तिथे फोटो काढले ते फ्रान्समध्ये शिकलेल्या शिमिझू माकोतो या जपानी तरुणाने. पुढे याच शिमिझूने जपानात आगपेट्यांचा कारखाना काढला. नागासाकीत रिव्हॉल्व्हर चालवण्याचे काम ब्राझीलच्या फ्रान्सिस्को आंतोनियो द अल्मेइदा या तरुणाकडे होते. यातल्या कोणाचाही हात त्या दिवशी चुकून चालणार नव्हता. म्हणून फ्रान्समध्ये असतानाच तालीम झाली होती. खोटा सूर्य, खोटा शुक्र, तो खऱ्याच्या गतीने सरकवायचा आणि पत्र्यावर पत्रे घ्यायचे. ९ डिसेंबरला सकाळी नागासाकीवर ढग ये-जा करीत होते. पण या वेळी त्यांनी दया केली. शुक्र सूर्यावर शिरला आणि यंत्र फिरले.

त्या बहात्तर सेकंदांनी काय साधले? ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते साधले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. निरनिराळ्या देशांच्या तुकड्यांनी जगभर काढलेल्या फोटोंची मोजमापे घेतली, तर आकड्यांचा ताळा जमेना. फोटोतही हवेच्या थरथरीने कड विरघळत होती. डोळ्याचा दोष काचेनेही थोडाफार घेतला होता. १८८२ च्या अधिक्रमणाच्या वेळी अनेक देशांनी फोटोचा नादच सोडला. सूर्याचे अंतर, सुमारे चौदा कोटी शहाण्णव लाख किलोमीटर, हे पुढे इतर मार्गांनीच पक्के झाले. जमाखर्चाच्या भाषेत, मोहीम तोट्यात गेली.

पण काही रकमा एका खात्यात बुडतात आणि दुसऱ्याच खात्यात जमा दिसतात. जान्सेनने ते यंत्र पॅरिसच्या फोटोग्राफी मंडळापुढे मांडले आणि पक्ष्यांच्या उडण्यासारख्या हालचालींच्या अभ्यासालाही ते उपयोगी पडेल असे सुचवले. एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने तो धागा उचलून १८८२ साली ‘फोटोग्राफिक बंदूक’ बनवली. ती सेकंदाला बारा चित्रे घेई. तिथून वाट ल्युमिएर बंधूंकडे जाते. जून १८९५ मध्ये लियाँजवळ फोटोग्राफी मंडळांचे संमेलन भरले तेव्हा ल्युमिएरनी बोटीतून उतरणारे पाहुणे चित्रित केले आणि लगेच संमेलनातच दाखवले. त्या पाहुण्यांत सत्तरी ओलांडलेला जान्सेन होता. बोलत उभा असलेला जान्सेनही त्यांनी टिपला. ज्याने हालचालीचे पहिले तुकडे पकडले, तो आता स्वतःच पडद्यावर हलत होता. साधारण वर्षभराने, ७ जुलै १८९६ ला, ल्युमिएरची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झळकली. ती पाहून आपले सावेदादा भाटवडेकर कॅमेऱ्याच्या मागे लागले. मराठी माणसाच्या सिनेमाच्या वेडाची एक मुळी अशी नागासाकीच्या डोंगरापर्यंत जाते.

जान्सेनचे पुढचे आयुष्य भरभराटीचे. पॅरिसजवळ म्यूदाँ येथे युद्धात जळालेल्या राजवाड्याच्या अवशेषांवर त्याने सूर्याची वेधशाळा उभारली. १८७६ पासून तिथे सूर्याचे हजारो फोटो निघाले, त्यांतले निवडक १९०३ साली ग्रंथरूपाने आले. विज्ञानाचा खरा डोळा म्हणजे फोटोची काच, या मतावरून तो कधी हटला नाही. हवेचा पडदा पातळ असावा म्हणून त्याने माँ ब्लाँच्या शिखरावर वेधशाळा बांधायचे ठरवले. चालता येत नव्हते, तर खुर्चीच्या घसरगाडीत बसून माणसांकडून स्वतःला वर ओढून घेतले. १८९३ साली वेधशाळा झाली. पाया रोवायला खडक सापडला नाही म्हणून ती बर्फावरच उभी केली. हळूहळू बर्फ तिला गिळत गेले आणि १९०९ मध्ये ती कायमची सोडून द्यावी लागली. ते पाहायला जान्सेन नव्हता. २३ डिसेंबर १९०७ रोजी तो म्यूदाँला वारला. त्याच्या दोनच वर्षे आधी, एक्क्याऐंशीव्या वर्षी, तो ग्रहण पाहायला स्पेनला जाऊन आला होता.

आता शेवटची नोंद, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसलो.

जगातला सर्वांत जुना चित्रपट म्हणून जान्सेनचे शुक्राचे हलते चित्र आज सर्वत्र दाखवले जाते. उजळ पट्टीवर काळा गोल सरकतो, काही सेकंदांत खेळ संपतो. मीही ते किती वेळा पाहिले, आणि प्रत्येक वेळी वाटायचे, हाच तो ९ डिसेंबरचा क्षण! पण २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपलब्ध पत्रे बारकाईने तपासले गेले. निष्कर्ष असा की, शिल्लक राहिलेले पत्रे तालमीचे आहेत. त्यांतला सूर्य खोटा, शुक्रही खोटा. नागासाकीला घेतलेले खरे पत्रे काळाच्या ओघात नाहीसे झाले असावेत. शुक्राच्या अधिक्रमणाची खरी चित्रमालिका पाहायची तर १८८२ ची पाहावी. अमेरिकेत लिक वेधशाळेच्या डोंगरावर डेव्हिड टॉड याने काढलेल्या १४७ काचा जपून राहिल्या आहेत.

हे वाचून मी काही दिवस खट्टू होतो. साऱ्या आयुष्याची तालीम व्हावी आणि तालीमच तेवढी शिल्लक राहावी! मग बँकेतला तरुण जान्सेन आठवला. आठ वर्षे दुसऱ्यांच्या पैशांच्या बेरजा करणारा, शाळा न पाहिलेला, लंगडत घरी जाऊन पुस्तक उघडणारा. ती वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल? हिशेबातला फरक नजरेने नव्हे, नोंदीने सापडतो, हे तिथे बसलेला माणूस शिकतोच. माझा समज असा आहे, आणि तो केवळ एका जुन्या बँकवाल्याचा समज आहे, की सेकंदाचा ताळा घेणाऱ्या त्या यंत्राचे बीज कदाचित त्या खतावण्यांत असेल. आणि नागासाकीचा खरा पत्रा हरवला तरी दर दीड सेकंदाला एक नोंद घेण्याची रीत हरवली नाही. ती रीत तालमीच्या पत्र्यातही पुरी आहे.

परवा कपाटातून २००४ चे ते अकरा फोटो काढले. रंग उडाले आहेत. शुक्र शिरतानाचा एकही नाही, ती जागा नोटांच्या बंडलांनी घेतली. एका फोटोत पुठ्ठ्याची कड धरलेला तात्यांचा अंगठा आला आहे, सूर्याला जवळजवळ टेकलेला. तेव्हा मी तो फोटो बिघडला म्हणून बाजूला टाकला होता. तात्या आज नाहीत. अकरांपैकी तोच एक आता फ्रेम करून टेबलावर ठेवला आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर अजूनही मला नीट देता येत नाही. पण २११७ च्या डिसेंबरात कुणी शुक्राकडे कॅमेरा रोखील, तेव्हा त्याने आपल्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचाही एक फोटो काढून ठेवावा, एवढे मात्र सांगावेसे वाटते.